काळाचे कोष्टक आणि चंद्राची साक्ष



साठ पळांची घटका आणि साठ घटकांचा दिवस, हे कोष्टक आपल्याकडील जुन्या पिढ्यांनी घोकून पाठ केले होते. कोष्टक एकदा पाठ झाले की मोठ्या मापाचे लहान माप करणे म्हणजे नुसता गुणाकार, अशी आपली समजूत होते. ही समजूत अपुरी आहे, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. गुणाकाराच्या आधी कोणीतरी मोजणी केलेली असावी लागते. आणि त्या मोजणीचे जे काही गुणदोष असतील, ते कोष्टकाबरोबर पुढच्या पिढ्यांच्या पदरात पडतात.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यात पापणी लवण्याचा काळ तो निमेष, निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी, असे विभाग दिले आहेत. उलट वर चढत गेल्यास १८ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांची घटिका आणि ६० घटिकांचा दिवस होतो. म्हणजे एका दिवसात २९१ कोटी ६० लाख त्रुटी झाल्या! आजच्या हिशेबाने त्रुटी हा सेकंदाचा सुमारे ३४ हजारावा भाग होय. या शिडीच्या दुसऱ्या टोकाला ४३२ कोटी वर्षांचा कल्प आहे. तथापि घटिका मोजण्यास पाण्यात सोडलेले घटिकापात्र होते. त्रुटी मोजण्यास काहीच साधन नव्हते. त्रुटी भागाकाराने मिळाली होती, मोजणीने नव्हे. यात आचार्यांचे न्यून नाही. बुद्धी जिथवर पोचली होती तिथवर हात पोचण्यास आठशे वर्षे लागली, इतकेच.

सेकंदाची कथाही फार निराळी नाही. सरासरी सौर दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु पृथ्वीचे फिरणे एकसारखे नाही, हे विसाव्या शतकात निर्विवाद ठरले. भरतीओहोटीच्या घर्षणाने ती हळूहळू मंदावते आणि मधूनमधून थोडी पुढेमागेही करते. तेव्हा ज्योतिर्विदांनी दिवसाची साथ सोडून वर्षाचा आश्रय केला. १९०० सालच्या सायन वर्षाचा ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग म्हणजे सेकंद, ही व्याख्या १९५६ साली पुढे आली आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय परिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

इकडे १९५५ साली इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियम अणूच्या आधारे चालणारे घड्याळ सिद्ध केले. एकीकडे सूर्याचे वर्ष आणि दुसरीकडे सेकंदाला शेकडो कोटी आंदोलने! या दोहोंची सांगड घालावी कशी?

येथे चंद्र मध्यस्थ झाला. सूर्यासभोवतीचे तारे दिवसा दिसत नाहीत आणि त्यांच्यामधून त्याची चालही संथ असते. चंद्र मात्र स्वतःच्या व्यासाएवढे अंतर ताऱ्यांमधून सुमारे तासाभरात कापतो. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील विल्यम मार्कोविट्झ यांनी एक विशेष कॅमेरा योजला होता. त्यातील काळसर काच हळूहळू कलत जाई, त्यामुळे चंद्र आणि तारे एकाच छायाचित्रात स्वच्छ उमटत. चंद्राच्या स्थानावरून ज्योतिषशास्त्रीय काळ काढावयाचा आणि रेडिओसंदेशांच्या द्वारे तो अटलांटिकपलीकडच्या अणुघड्याळाशी ताडून पाहावयाचा, असा हा उद्योग १९५५ च्या मध्यापासून १९५८ च्या आरंभापर्यंत चालला. निष्पन्न झाले ते असे: एका सेकंदात सीझियमची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलने होतात, चूक असलीच तर वीस इकडे किंवा वीस तिकडे. भास्कराचार्यांच्या एका त्रुटीत अशी सुमारे २ लाख ७२ हजार आंदोलने मावतात.

१९६७ साली हाच आकडा सेकंदाची व्याख्या झाला, आणि त्याबरोबर तो विसांचा किंतुही गळून पडला. कारण आता आकडा मोजावयाचा राहिला नव्हता. तोच माप झाला होता. कालपर्यंत आकाश अणूची परीक्षा घेत होते, आजपासून अणू आकाशाची घेऊ लागला.

पण वारसा सुटत नाही. वर्षावरून काढलेला तो सेकंद सायमन न्यूकोम यांच्या सूर्यसारण्यांवर आधारलेला होता, आणि त्या सारण्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वेधांवरून केलेल्या. म्हणून आपला अणुसेकंद वस्तुतः १८२० च्या सुमाराच्या दिवसाशी जुळतो. पुढे पृथ्वी मंदावली, दिवस सेकंदाच्या काही सहस्रांशांनी लांबला, आणि १९७२ ते २०१६ या काळात घड्याळांत २७ अधिक सेकंद घालावे लागले. आपल्या पंचांगातील अधिक मासाचेच हे धाकटे भावंड म्हणावयाचे! २०३५ पर्यंत ही पद्धत बदलून घड्याळ व पृथ्वी यांच्यात अधिक अंतर पडू द्यावे, असा ठराव २०२२ साली झाला.

२०२३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांसाठी दिले गेले. विश्वाच्या सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या आयुष्यात जितके सेकंद झाले, त्यांच्या दुपटीहून अधिक अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात असतात. त्रुटीच्याही कितीतरी खाली आता हात पोचला आहे. तथापि या शिडीची प्रत्येक पायरी ज्या सेकंदाच्या मापाने आखली आहे, तो सेकंद मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दिवसाने आपल्याला दिला, आणि त्याची साक्ष चंद्राने भरली, हे विसरून चालणार नाही.