कुआकाचं घरटं कुठे आहे?

आज सुरुवात एका किनाऱ्यापासून करू. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून सकाळी गाडीने निघालं, तर दीडेक तासात मिरांडाला पोहोचता येतं. पूकोरोकोरो हे त्याचं माओरी नाव. जाण्याआधी भरतीची वेळ मात्र बघायची, बरं का! ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात. पाणी चढलं की किनाऱ्यावर, अगदी आपल्यासमोर येऊन बसतात. त्यातला लांब, किंचित वर वळलेल्या चोचीचा पक्षी म्हणजे गॉडविट. माओरी लोक त्याला कुआका म्हणतात.

हा पक्षी सप्टेंबरपासून हजारोंनी यायचा, मार्चमध्ये जायचा. पण घरटं तिथे कधीच कोणाला दिसलं नाही. माओरींमध्ये तर त्यावरून म्हणच पडली. पुढे ही घरटी अलास्कात असतात हे कळलं. पण परतीची वाट कोणती? वाटेत ते थांबतात कुठे?

उत्तर मिळालं २००७ मध्ये. फेब्रुवारीत एका मादीच्या शरीरात उपग्रहाला संदेश देणारं छोटं यंत्र बसवलं. तिच्या पायातल्या पट्टीवर खूण होती ‘ई ७’. मार्चमध्ये ती उडाली ती थेट चीनमधल्या यालू नदीच्या मुखाशी उतरली. तिथून अलास्का. आणि ऑगस्टअखेर निघून पॅसिफिक ओलांडत ७ सप्टेंबरला न्यूझीलंडला परत! सुमारे ८ दिवस, ११,५०० किलोमीटरहून अधिक, आणि मध्ये कुठेही थांबा नाही. हा पक्षी समुद्रावर उतरून विसावाही घेऊ शकत नाही.

हे जमतं कसं? निघण्यापूर्वी तो इतकं खातो, की वजनाचा जवळपास निम्मा भाग चरबीचा होतो. आणि उड्डाणात निरुपयोगी असलेली पचनाची इंद्रियं आकसून लहान होतात. म्हणजे बघा, शिदोरी वाढवायची आणि बाकीचं ओझं कमी करायचं.

पण उत्तरेकडे जाताना ही शिदोरी पुन्हा भरावी लागते, पीत समुद्राच्या चिखलात. नेमका तोच चिखल माणसाने बुजवला. दक्षिण कोरियात सेमानगुमचा ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये जोडला गेला, म्हणजे ‘ई ७’च्या प्रवासाच्या जेमतेम एक वर्ष आधी. यालूमुखाचा किनारा २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, हा दिलासा.

घरट्याचं कोडं सुटलं, मंडळी. पण मिरांडाचा किनारा कितीही जपला, तरी कुआकाचं भवितव्य हजारो किलोमीटरवरच्या चिखलावर ठरतं.