आज्ञा आणि आस्था

महाडाहून रायगडीं जाणारा प्रवासी सिंहासनाच्या जागेपुढें थबकतो. पोलादपुराजवळील उमरठास जाणारा तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढें मस्तक नमवितो. एका स्थळीं आज्ञा देणारा, दुसऱ्या स्थळीं ती प्राण वेंचून पाळणारा! या दोहोंस जोडणारें सूत्र कोणतें? धन्याच्या तेजानें चाकर भारले जात, एवढ्या उत्तरावर आपण समाधान मानतों. आमच्या मतें तें अपुरें आहे.

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूणनजीक हलवर्ण येथील लष्करी अंमलदारांस शिवाजी महाराजांनीं धाडलेलें पत्र या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. वैरण आतांच उधळली तर पावसाळ्यांत घोडीं मरतील. मग शिपाई कुणब्यांचे दाणे, लांकडें, भाजी ओरबाडतील. आणि मोगलांपेक्षां तुम्हीच वाईट, असें रयत म्हणेल, हा त्याचा आशय. दिव्याची जळती वात उंदरानें नेऊन गवताच्या गंजी पेटूं नयेत, येथवर त्यांत बजावलें आहे. हा नुसता हुकूम नव्हे. प्रत्येक मनाईमागें कारण दिलें आहे. शिवाय लागेल तो जिन्नस बाजारांतून विकत घेण्यासाठीं सरकारांतून पैका दिल्याचेंहि स्मरण दिलें आहे. पोटास देणाऱ्यासच 'लुटूं नका' असें सांगण्याचा अधिकार पोंचतो.

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यांत १९२४ ते १९३२ या काळांत झालेल्या प्रयोगांवरून एल्टन मेयो प्रभृतींनीं असें प्रतिपादिलें कीं, वरिष्ठांची आस्था व सोबत्यांचे संबंध यांवर कामगाराचें काम फार अवलंबून असतें. पुढील अभ्यासकांनीं या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. वेतनाचा वांटा मेयोनें कमी लेखला, हा त्यांतील प्रमुख होय. हलवर्णच्या पत्रांत मात्र आस्था आणि वेतन यांची फारकत झालेलीच नाहीं.

ही घडी मोडल्यास काय होतें, हेंहि इतिहासानें दाखविलें. १६८९ मध्यें रायगड मोगलांच्या हातीं गेला. खजिना रिता झाला आणि राजाराम महाराजांच्या काळीं रोख वेतनाऐवजीं वतनांचीं आश्वासनें द्यावीं लागलीं. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मराठे लढत राहिले, हें खरेंच. परंतु जहागिरीच्या आशेनें लढणारा सरदार पुढें मध्यवर्ती सत्तेस जुमानीनासा झाला. निष्ठा उरली, शिस्त सैल पडली.

म्हणून उमरठच्या समाधीस वंदन करतांना त्या उंदराची व वातीचीहि आठवण ठेवावी. चाकरांच्या जिवावर उदार होण्यापूर्वीं त्यांच्या वैरणीचा हिशेब करणें, हें नेतृत्वाचें पहिलें कर्तव्य होय.