कोळपणी : जतच्या कोरडवाहू शेतीतील एक क्रिया व तिची शब्दसंपदा

माती दाबली गेली अथवा तिच्यावर पापुद्रा धरला, म्हणजे मुळांपर्यंत हवा पोचत नाही व पडलेले पाणीही नीट मुरत नाही. गोल्फच्या मैदानावरील हिरवळ सतत तुडविली जात असल्यामुळे तेथे पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीची लहान नळकांडी उपसून काढतात व त्या छिद्रांत वाळू भरतात. जतच्या शेतात हेच तत्त्व कोळप्याच्या रूपाने नांदत आले आहे. मात्र तेथे प्रश्न मैदानाच्या शोभेचा नसून पिकाच्या जगण्याचा आहे.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. पुढील वर्षी निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात त्याचा समावेश झाला व 1960 साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. हा तालुका पर्जन्यछायेतील असून पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटकाशी भिडलेला आहे. येथील पाऊस अपुरा, आणि त्याचा भरवशाचा भाग पावसाळ्याच्या अखेरीस येणारा. त्यामुळे रब्बी ज्वारीचे पीक मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर उभे राहते. ही ओल टिकविणे हाच कोरडवाहू शेतीचा गाभा होय.

त्या दृष्टीने ज्वारीच्या कोळपणीचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी फटीचे कोळपे चालवितात. त्याच्या पासेस मध्ये फट असल्यामुळे कोवळी ओळ वाचते व दोन्ही बाजूंचे तण कापले जाते. पाचव्या आठवड्यास अखंड पासेचे कोळपे ओळींमधून फिरते. आठव्या आठवड्यास, जमीन कठीण होऊन भेगाळू लागली म्हणजे दातेरी कोळपे वापरतात. ते भेगा मातीने बुजविते आणि त्यांतून उडून जाणारी ओल रोखते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ या उक्तीचा आशय हाच.

युरोपात या क्रियेचा पुरस्कार इंग्लंडच्या जेथ्रो टलने 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. वनस्पती मातीचे सूक्ष्म कण भक्षण करतात, ही त्याची उपपत्ती चुकीची ठरली. ओळींत पेरून मध्ये औत चालविण्याची त्याची रीत मात्र टिकली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅल्कॉट याने दक्षिण भारतात ओळींत पेरणी करणारे औत सर्रास वापरात असल्याचे नोंदविले, तेव्हा ही केवळ युरोपीय कल्पना आहे हा समज टिकण्याजोगा राहिला नाही. पुढे डॉ. व्हॉल्कर यांनीही 1893 च्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या मशागतीची प्रशंसा केली.

कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग 1923 पासून पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाले. पुढील दशकात सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. जत हा नेमका या दोहोंच्या मधला प्रदेश होय. या कार्यात अग्रभागी असलेल्या ना. वि. कानिटकर यांचा ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला. भुसभुशीत माती केशाकर्षण तोडून ओल राखते, असे पूर्वी मानले जाई; नंतरच्या संशोधनात या लाभाचा मोठा वाटा तणनाशाचा असल्याचे दिसून आले. तथापि भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत भेगा बुजविण्याचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही.

आता शब्दांकडे वळू. जतच्या पूर्वभागात कन्नड मोठ्या प्रमाणावर बोलली जाते आणि अवजारे भाषेची सीमा पाळीत नाहीत. दक्षिण महाराष्ट्रातील ‘कुरी’ व कन्नडातील ‘कूरिगे’ ही दोन्ही पेरणीच्या औताची नावे असून त्यांचे साम्य उघड आहे. ‘नांगर’ हा शब्द ‘लांगल’पासून आला; आणि ऋग्वेदात आढळणारा हा ‘लांगल’ शब्दही मूळचा आर्येतर भाषांतील असावा, असे अनेक विद्वान मानतात. कोळप्यास मात्र कन्नडात ‘एडेकुंटे’ म्हणतात. ‘एडे’ म्हणजे दोन ओळींमधली जागा. कन्नड नाव औत जेथे चालते ते स्थान दाखविते, तर मराठी नाम क्रियापदाशी निगडित आहे. शिवाय मराठीत ‘कोळपणे’ या एकाच रूपाचे दोन अर्थ आहेत : औताने माती हलविणे, आणि उन्हाने होरपळणे. रूपसाम्यावरून व्युत्पत्ती एकच मानता येणार नाही. परंतु ‘पीक कोळपले’ या वाक्याचा अर्थ ते राखले असा की ते गेले असा, हे प्रसंगावरूनच ठरते.

म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचले, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आल्या, बैलांची जागा बऱ्याच अंशी ट्रॅक्टरने घेतली आणि तणनाशके वापरात आली. कष्ट कमी झाले, हे स्वागतार्हच होय. परंतु तणनाशक तण मारते. ते पापुद्रा फोडीत नाही अथवा भेग बुजवीत नाही. ‘कोळपणी’ या एका शब्दात ही तिन्ही कामे सामावलेली आहेत. त्याच्या जागी केवळ ‘तणनियंत्रण’ हा शब्द रूढ झाला, तर उरलेल्या दोन कामांची आठवणही भाषेतून निघून जाईल. म्हणून फट, पास, दिंड, रुमणे यांसारख्या शब्दांचा संग्रह करताना कोशकाराने केवळ वस्तूचे नाव टिपून थांबू नये. ती वस्तू कोणत्या आठवड्यास, कोणत्या जमिनीत व कशासाठी चालविली जात असे, हेही त्याने नोंदवावे. सीमेवरील गावांत ही नोंद मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत एकाच वेळी होणे अगत्याचे आहे.