झाकलेल्या आकारांचे दृक्‌संवेदन

झाकलेल्या आकारांचे दृक्‌संवेदन म्हणजे एखाद्या वस्तूचा काही भाग दुसऱ्या वस्तूआड असतानाही ती अखंड असल्याचा दृष्टीला येणारा प्रत्यय होय. नागझिऱ्याच्या जंगलात सागाच्या बुंध्यामागून जाणारा वाघ दोन तुकड्यांत दिसत नाही, एकच दिसतो. डोळ्यातील पडद्यावरची प्रतिमा मात्र तुटकच असते. आडचा भाग पाहिला जातो की तर्काने जाणला जातो, हा या विषयातील मूळ वाद आहे.

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पूर्वपक्षानुसार वृक्षाचा एक भाग तेवढा दिसतो व त्यावरून वृक्षाचे ज्ञान होते. म्हणजे प्रत्यक्ष हे वस्तुतः अनुमानच. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे की, निदान तो भाग तरी प्रत्यक्षच दिसतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण नाहीसे होत नाही. शिवाय अवयवी हा अवयवांहून वेगळा असून त्यांच्यासोबत तोही दिसतो. बौद्धांनी असा अवयवीच नाकारला.

आधुनिक काळात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी संवेदन हे पूर्वानुभवावर आधारलेले अबोध अनुमान ठरवले (१८६७). व्यूह मानसशास्त्राने हे मत अमान्य केले. वेर्थायमर यांच्या १९२३ च्या निबंधानुसार सान्निध्य, साम्य, सातत्य अशा नियमांनी घटक आपोआप एकत्र बांधले जातात. इटलीतील कानिझा यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. एका घोड्याचा पुढचा व दुसऱ्याचा मागचा भाग मधल्या आडोशाच्या दोन बाजूंना दिसेल असे चित्र काढले, तर पाहणाऱ्यास एकच, अशक्य लांबीचा घोडा दिसतो. इतका लांब घोडा नसतो हे ठाऊक असूनही तो तसाच दिसतो. केवळ अनुभवाधिष्ठित अनुमानाने याचा उलगडा होणे कठीण आहे. बेल्जियमचे मिशोत यांनी आडच्या भागाच्या अशा पूर्तीचा स्वतंत्र अभ्यास केला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिब्सन यांनी १९७९ च्या ग्रंथात स्थिर चित्रांवरील भरच चुकीचा मानला. पाहणारा चालतो, मान वळवतो. तसतसा आडोशाच्या कडेशी मागच्या पृष्ठाचा पोत झाकला जातो किंवा उघडा पडतो, आणि त्यातच पुरेशी माहिती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हालचालीचे महत्त्व केलमन व स्पेल्की यांच्या १९८३ च्या प्रयोगांतही आढळले. मध्यभाग झाकलेल्या काठीची दोन्ही टोके एकत्र हलली, तर चार महिन्यांची बालके तिला अखंड मानतात. काठी स्थिर असल्यास तसे आढळत नाही. पुढे नवजात अर्भकांवर असेच प्रयोग झाले, तेव्हा टोके हलूनही अखंडतेचा प्रत्यय दिसला नाही.