'चर्च मदर' : एका पदवीची कुळकथा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये काही ज्येष्ठ स्त्रियांच्या नावाआधी 'मदर' हा शब्द लावला जातो. 'मंडळी' म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजात ज्या अर्थाने म्हणतात तो, एका देवळाशी बांधलेला उपासकांचा समुदाय. हे संबोधन वयाचा मान राखण्यापुरते नसते. ते पद असते, त्यावर नेमणूक होते आणि त्याला कामे जोडलेली असतात. पाळकाच्या पत्नीशीही त्याची गल्लत करून चालत नाही. पाळकाच्या पत्नीला तिथे 'फर्स्ट लेडी' म्हणतात आणि तिचे स्थान नवऱ्याबरोबर येते व त्याच्याबरोबरच जाते. मदर मात्र त्या मंडळीतच मुरलेली असते, तिने अनेकदा दोन-तीन पाळक येताना-जाताना पाहिलेले असतात, आणि नव्या पाळकाला गावाची नाडी तिच्याकडूनच समजून घ्यावी लागते.

शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते बायबलपर्यंत पोहोचते. 'शास्ते' या पुस्तकात दबोरा ही न्यायदान करणारी आणि युद्धाला प्रेरणा देणारी स्त्री स्वतःला इस्राएलातील माता म्हणवते. 'रोमकरांस पत्र' या ग्रंथात पौल रूफसाच्या आईला नमस्कार पाठवताना तिला आपलीही आई म्हणतो. आणि 'तीताला पत्र' यात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असा आदेश आहे. मेथडिस्ट पंथात मंडळीचा आधार ठरलेल्या वयस्क स्त्रीला 'इस्राएलातील माता' म्हणण्याची रूढी होती आणि मृत्युलेखांत तो शब्दप्रयोग वारंवार येई. सोळाव्या शतकात स्ट्रासबर्गच्या काटारिना शुत्स त्सेल या धर्मसुधारक स्त्रीनेही स्वतःला चर्चची माता म्हणवले होते, पण ते नाते समान ग्रंथापुरतेच. अमेरिकेतल्या पदाची वंशरेषा तिथून काढणे ही ओढाताण ठरेल. ग्रंथाने शब्द पुरवला असला तरी पद घडले ते गुलामगिरीच्या काळात.

विक्रीमुळे आईपासून मूल कधीही तोडले जाण्याची शक्यता जिथे होती, त्या वस्तीत रक्ताचे नसलेले नाते रक्ताच्या नात्याइतकेच कामाचे ठरले आणि वयस्क स्त्रिया अनेकांच्या आया झाल्या. साउथ कॅरोलायना व जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील गुल्ला समाजात बाप्तिस्म्यापूर्वी 'सीकिंग', म्हणजे शोध घेणे, असा विधी असे. उमेदवाराने रानात एकांतात प्रार्थना करायची, पडलेली स्वप्ने आपल्या आध्यात्मिक मातेला किंवा पित्याला सांगायची आणि उमेदवाराची तयारी झाली की नाही हे त्या मार्गदर्शकाने ठरवायचे. उपदेशपीठ पुरुषाचे होते, परंतु त्यापर्यंतची वाट पुष्कळदा एका म्हातारीच्या ओसरीवरून जाई. पश्चिम आफ्रिकेतील, विशेषतः अकान लोकांमधील, राजमातेच्या पदाशीही अभ्यासक या परंपरेचा संबंध जोडतात. स्त्रियांची सत्ता पुरुषांच्या सत्तेला समांतर चालावी, ही कल्पना दोन्हीकडे दिसते.

गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली, संबोधनांतला भेद मात्र संपला नाही. दक्षिणेकडील गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला 'मिसेस' म्हणत नसत. तरुण असेल तर नुसते नाव आणि वय झाले की 'आंट'. मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच परका वाटू नये, कारण शाळेतल्या आणि इस्पितळातल्या 'मावशी' या शब्दातही आपुलकीइतकाच, 'बाई' किंवा 'मॅडम' म्हणण्याचे टाळणारा एक संकोच दडलेला असतो. धिरड्याच्या तयार पिठाला 1889 मध्ये दिलेले 'आंट जमायमा' हे नाव याच रूढीतून आले. अलाबामात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीने न्यायालयात नुसत्या नावाने पुकारल्यास उत्तर देण्याचे नाकारले, तेव्हा तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. ती शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ते साल 1964. बाहेर जिला 'आंट' हाक मारली जाई तिला रविवारी देवळात 'मदर' म्हटले जाई, आणि तो शब्द देण्याचा अधिकार गोऱ्यांकडे नव्हता, ही या पदवीची खरी किंमत होय.

या रूढीला संघटनेचा सांगाडा दिला तो 'चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट' या पंथाने. त्याचे संस्थापक चार्ल्स हॅरिसन मेसन 1907 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील जागृतिसभांना गेले आणि अन्य भाषांत बोलण्याचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या संचाराने अनोळखी शब्द उच्चारण्याचा, अनुभव घेऊन परतले. (पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार या सभांच्या जोडीला 1905 च्या, पुण्याजवळील केडगावातल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातील जागृतीचा उल्लेख करतात, आणि तीही मुख्यत्वे स्त्रियांचीच होती.) स्त्रियांचे काम कोणाकडे सोपवावे या प्रश्नाचे उत्तर मेसन यांना 1911 मध्ये आर्कान्सात मिळाले, आणि ते उत्तर म्हणजे लिझी रॉबिन्सन.

लिझींचा जन्म 1860 मध्ये आर्कान्सातील फिलिप्स परगण्यात गुलामगिरीत झाला. लहानपणीच वाचायला शिकल्यामुळे निरक्षर वडीलधाऱ्यांना बायबल वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे आले. पुढे जोआना मूर या गोऱ्या बॅप्टिस्ट सेविकेच्या 'होप' या मासिकाची आणि तिने गावोगाव उभारलेल्या बायबल-वाचन मंडळांची ओळख झाली. या मंडळांत काबाडकष्ट करणाऱ्या स्त्रिया एकत्र बसून अक्षरे आणि शास्त्र दोन्ही गिरवीत. लिझी डर्मॉट येथील बॅप्टिस्ट विद्यालयात मेट्रन असताना मेसन तिथे आले, त्यांच्या उपदेशाने तिला पेंटेकॉस्टल अनुभव आला, आणि त्यामुळे बॅप्टिस्टांकडचे तिचे स्थान गेले. मेसन यांनी तिला साऱ्या पंथाच्या स्त्रीकार्याची प्रमुख नेमले. पन्नाशी ओलांडलेल्या या स्त्रीने सर्वप्रथम प्रार्थना करणाऱ्या आणि शास्त्र वाचणाऱ्या बायकांचे वेगवेगळे गट एकत्र करून 'प्रेअर अँड बायबल बँड' बनवला, शिवणमंडळे काढली आणि प्रत्येक राज्यात एकेक प्रमुख मदर नेमली. त्यामुळे बिशपाच्या उतरंडीला समांतर अशी दुसरी उतरंड तयार झाली आणि तिच्या हाती स्वतःची तिजोरीही आली.

स्त्रीला दीक्षा देऊन पाळक करायचे नाही, हा पंथाचा नियम होता. त्यावर काढलेली तोड शब्दांची होती: पुरुष 'प्रीच' करतो, स्त्री 'टीच' करते; तो उपदेशपीठावरून बोलतो, ती खालच्या मेजापाशी उभी राहून. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक सांगता आला असता की नाही, याची शंकाच आहे. दक्षिणेतून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे कृष्णवर्णीयांचे लोंढे निघाले तेव्हा या स्त्रिया अनोळखी शहरात खोली भाड्याने घेत, रस्त्यावर प्रार्थना मांडत, माणसे जमली की मेसनना पाळक पाठवण्यासाठी लिहीत. याला 'डिगिंग आउट', म्हणजे मंडळी खणून काढणे, असे म्हणत. ओमाहातील पहिली मंडळी लिझी व त्यांचे पती एडवर्ड यांनी 1916 मध्ये अशीच उभारली.

मदरच्या हातचे काम पाहायचे तर 'टॅरीइंग' सभा पाहावी. टॅरी म्हणजे थांबून राहणे. पवित्र आत्म्याची वाट पाहणारा नवखा वेदीपाशी गुडघे टेकून येशूचे नाव एकसारखे घेत राहतो आणि मदर शेजारी बसून त्याची लय सांभाळते: रेंगाळला तर टाळी वाढवते, घशाला कोरड पडली तर धीर देते, आणि झाले ते खरे की उसने, याचा निवाडाही तिच्याकडेच असतो. प्रभुभोजनाच्या रविवारी मदर नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, टोपी व हातमोजांसह, पुढच्या बाकावर बसतात आणि मेजावरचे पांढरे वस्त्र त्यांच्याच देखरेखीखाली धुवून, इस्त्री करून अंथरलेले असते. संचारात खाली पडलेल्या स्त्रीच्या पायांवर टाकायला घडी केलेले कापडही हाताशी असते. शिस्त मात्र कडक: बाह्या, गळा, झगा यांवर लिझींची नजर असे, आणि आजच्या वाचकाला ती जाचक वाटेल. तरीही ज्या समाजात कृष्णवर्णीय स्त्रीच्या अब्रूला कायद्याचे संरक्षण नव्हते, तिथे या वेशाला कवचाचे काम करावे लागत होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या शिस्तीचा न्याय करता येत नाही.

मेंफिस येथील 'मेसन टेंपल' हे पंथाचे भव्य सभागृह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधले गेले आणि त्याच्या निधीत लिझींनी बायकांकडून जमवलेल्या पैशाचा मोठा वाटा होता. ते 1945 मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच वर्षीच्या वार्षिक संमेलनात मेंफिसमध्येच त्यांचे निधन झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे शेवटचे भाषण 3 एप्रिल 1968 रोजी याच सभागृहात झाले. लिझींच्या जागी आलेल्या लिलियन ब्रुक्स कॉफी यांनी 1951 मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र राष्ट्रीय संमेलन सुरू केले.

देवळातली पदवी मग रस्त्यावर उतरली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये व्यसनाधीन आयांच्या अर्भकांना स्वतःच्या घरात सांभाळणाऱ्या क्लारा हेल 'मदर हेल' झाल्या. माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारात पायी चालणारी वृद्धा 'मदर पोलार्ड' याच नावाने किंग यांच्या लेखनात राहिली. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने 2000 मध्ये व्हॅश्टी मरफी मॅकेंझी यांना आपल्या पहिल्या स्त्री-बिशप म्हणून निवडले, त्यामुळे तिथे तरी उपदेशपीठाचे दार उघडे झाले. पण मदरची नेमणूक तिथेही थांबलेली नाही, आणि पुढचे बाक अजून त्यांच्यासाठीच राखलेले असते.