कंडिशन व्हेरिएबल

कंडिशन व्हेरिएबल हे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेड्सचा समन्वय राखणारे साधन आहे. एखादी अट पूर्ण होईपर्यंत थ्रेडला प्रोसेसर न अडवता थांबता यावे, हा त्याचा उद्देश होय. ते नेहमी म्युटेक्स या कुलपासोबत वापरले जाते. थांबताना थ्रेड कुलूप सोडून झोपी जातो व जागा झाल्यावर ते पुन्हा मिळवूनच पुढे सरकतो. सोडणे आणि झोपणे ही एकच अविभाज्य क्रिया असावी लागते. मध्ये फट राहिल्यास त्याच क्षणी आलेला संकेत वाया जातो आणि थ्रेड कायमचा झोपून राहू शकतो.

टोनी होअर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या मॉनिटर रचनेत संकेत देणारा थ्रेड ताबा लगेच थांबलेल्याकडे सोपवत असे. झेरॉक्सच्या मेसा भाषेत संकेत ही केवळ सूचना ठरली. जागा झालेल्या थ्रेडला कुलूप मिळेपर्यंत दुसरा कोणी अट बिघडवू शकतो. पॉझिक्स प्रमाणकानेही हीच पद्धत स्वीकारली असल्याने अट ‘व्हाइल’ आवर्तनात पुन्हा तपासावी लागते.

अग्रक्रमाचा प्रश्न

कुलूप कनिष्ठ थ्रेडकडे, वरिष्ठ थ्रेड त्यासाठी खोळंबलेला आणि कुलपाशी संबंध नसलेला मधल्या अग्रक्रमाचा थ्रेड प्रोसेसर बळकावून बसलेला, अशा स्थितीला अग्रक्रम-व्यत्यास म्हणतात. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या मार्स पाथफाइंडरचा संगणक याच कारणाने वारंवार रीसेट होत होता. हवामानविषयक कनिष्ठ कार्याने धरलेल्या कुलपामुळे माहितीवाहिनीचे वरिष्ठ कार्य वेळेत पूर्ण होत नव्हते. पृथ्वीवरून आज्ञावलीत बदल करून अग्रक्रम-वारसा सुरू केल्यावर दोष दूर झाला. शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी १९९० च्या शोधनिबंधात विशद केलेल्या या उपायात कुलूपधारकाला खोळंबलेल्या थ्रेडचा अग्रक्रम तात्पुरता मिळतो.

म्युटेक्सला हे जमते, कारण कुलूप कोणाकडे आहे हे कर्नलला ठाऊक असते. कंडिशन व्हेरिएबलला मालकच नसतो. संकेत कोणता थ्रेड देणार हे आधी कळत नाही. मग अग्रक्रम वाढवायचा कोणाचा? त्यामुळे कर्नल जागे करताना वरिष्ठ थ्रेडला आधी निवडू शकतो, एवढेच. लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीत (२००९) झोपलेल्या थ्रेड्सना थेट वारसा पाळणाऱ्या म्युटेक्सच्या रांगेत हलवण्याची सोय आली; मात्र ग्नू सी लायब्ररीच्या २.२५ आवृत्तीतील (२०१७) नव्या रचनेने तिचा वापर सोडला. परिणामी, वास्तविक-काल प्रणालीत संकेत देणाऱ्या थ्रेडला पुरेसा अग्रक्रम देण्याची जबाबदारी आज्ञावलीकारावरच राहते.