निरोधाचा शोध

मनुष्याच्या हालचालींचा विचार करूं लागलें म्हणजे आपलें लक्ष सहजच प्रेरणेकडे जातें. थांबविणाऱ्या शक्तीकडे जात नाहीं. गुडघा वांकवितांना मांडीच्या मागचे स्नायू आंखडतात हें उघड आहे. परंतु त्याच क्षणीं पुढच्या स्नायूंस सैल पडण्याची आज्ञा न मिळाली, तर पाय वांकणार कसा? ही आज्ञा मज्जापेशीस कशी पोंचते, या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

थांबविणारे मज्जातंतु असतात, हें १८४५ सालीं वेबर बंधूंनीं दाखविलें. व्हेगस नांवाच्या मज्जातंतूस विद्युत्प्रवाह देतांच हृदयाचे ठोके मंदावले व थांबले. पुढें इंग्लंडांत शेरिंग्टन यांनीं मज्जारज्जूंतील निरोधाचा अभ्यास केला. एका पेशीचा तंतु जेथें दुसरीस भिडतो, त्या जागेस 'सिनॅप्स' हें नांव त्यांनींच १८९७ सालीं प्रचारांत आणलें. परंतु त्या जागीं घडतें काय? १९२१ सालीं ऑटो लोवी यांनीं बेडकाच्या मंदावलेल्या हृदयांतील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, तों तेंही मंदावलें. अर्थात् येथें संदेश रसायनाच्या द्वारें पोंचतो. मज्जारज्जूंत मात्र केवळ विद्युत्‌च हें काम करते, असा शेरिंग्टन यांचे शिष्य जॉन एक्ल्स यांचा आग्रह होता.

न्यूझीलंडांत एक्ल्स यांची तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशीं गांठ पडली. सिद्धांत इतका नेमका मांडावा कीं तो खोटा ठरूं शकेल, असें पॉपर यांचें सांगणें. एक्ल्स यांनीं तें मानलें. १९५१ च्या ऑगस्टांत ड्युनेडिन येथें ब्रॉक व कूम्ब्स या सहकाऱ्यांसह त्यांनीं मांजराच्या मज्जारज्जूंतील एका पेशींत कांचेची अतिसूक्ष्म नळी शिरविली. अशा पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानानें सुमारें ७० मिलिव्होल्टांनीं ऋण असतो. उत्तेजक संदेश ही ऋणता घटवितो. ती पुरेशी घटली म्हणजे पेशी आपला संदेश सोडते. निरोधक संदेश येतांच मात्र ऋणता वाढली. एक्ल्स यांच्या भाकिताच्या हें नेमकें उलट होतें! वर्षानुवर्षें जपलेला सिद्धांत त्यांनीं सोडला व रासायनिक पक्ष पत्करला. १९६३ सालीं त्यांस हॉजकिन व हक्स्ली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

निरोधाचें मोल आपल्याकडील काजऱ्याच्या बियांतून कळतें. त्यांत स्ट्रिक्नीन हें विष असतें. मज्जारज्जूंत ग्लायसीन नांवाचें द्रव्य निरोधाचें काम करतें. तें पेशीवर ज्या ठिकाणीं लागू पडतें, तेंच ठिकाण हें विष अडवितें. मग लहानशा स्पर्शानेंही सर्व शरीर ताठरतें आणि श्वास कोंडून मनुष्य मरतो. एरवीं प्रत्येक पेशीवर दोन्ही प्रकारचे संदेश येत असतात आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीवर तिचा निर्णय ठरतो.

संयमास आपण मनाचा गुण मानतों. शरीराच्या रचनेंतही त्याचें स्थान प्रेरणेच्या बरोबरीचें आहे. तें शोधतांना एका विद्वानास स्वतःच्या आग्रहासही आवर घालावा लागला, ही गोष्ट आम्हांस त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.